मोजणी हवी, पण विचारून!

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीची नियमित सुरक्षा-सेवा थांबवली. नवी विंडोज ११ जुन्या संगणकांवर चालत नाही. तिला ठराविक प्रोसेसर आणि सुरक्षेची वेगळी चिप लागते. पुण्या-मुंबईचा नोकरदार नवा लॅपटॉप घेऊन मोकळा होईल. पण बुलडाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यातील दुसरबीडसारख्या गावात पै-पै जमवून घेतलेला जुना संगणक कोणी उकिरड्यावर टाकत नसतो. त्याच्यापुढे स्वस्त मार्ग उरतो तो लिनक्सचा, म्हणजे फुकट मिळणाऱ्या आणि जिची मूळ संहिता कोणालाही वाचता येते अशा मुक्त प्रणालीचा. आपल्या देशातही सी-डॅकने २००७ साली 'बॉस' नावाची अशी प्रणाली आणली. हा मार्ग चांगलाच आहे. मात्र त्या वाटेवरही एक प्रश्न उभा आहे: तुमच्या यंत्राची माहिती आम्हाला पाठवू का?

२०१८ च्या एप्रिलमध्ये उबुंटू या लोकप्रिय लिनक्सची १८.०४ ही आवृत्ती आली. ती बसवल्यावर पहिल्याच वेळी पडद्यावर हा प्रश्न येत असे. प्रोसेसर कोणता, मेमरी किती, डिस्क केवढी, पडदा किती मोठा, भाषा कोणती, वेळेचा विभाग कोणता, एवढी माहिती कॅनॉनिकल या कंपनीकडे जाई. नाव किंवा फायली जात नसत. काय पाठवले जाणार तेही आधी पाहता येई. ही पारदर्शकता मान्य केलीच पाहिजे. खिडकीआड काय चालते हे कळूही न देणाऱ्या बड्या कंपन्यांपेक्षा हे शंभर पटीने बरे.

पण खोच पुढे आहे. 'होय' आणि 'नाही' या दोन पर्यायांपैकी 'होय' आधीच निवडलेले होते. वाचायला वेळ नसलेला माणूस 'पुढे' दाबतो आणि त्याची संमती नोंदली जाते. 'नाही' म्हणणाऱ्याचा नकारसुद्धा, बाकी काही नाही तरी, मोजणीसाठी पाठवला जाई. सुमारे दोन तृतीयांश लोकांनी होकार दिल्याचे कंपनीने त्याच वर्षी सांगितले. त्यातले किती होकार विचारपूर्वक होते? याउलट स्वयंसेवकांनी चालवलेल्या डेबियनमध्ये असाच प्रश्न विचारतात, पण तिथे 'नाही' आधीपासून निवडलेले असते. एका टिचकीचा फरक, पण त्यात सगळी लोकशाही आली. आणि संशय उगाच नाही. २०१२ च्या १२.१० आवृत्तीत याच उबुंटूने आपल्याच संगणकावर शोधलेले शब्द बाहेर पाठवून अ‍ॅमेझॉनच्या वस्तू दाखवायला सुरुवात केली होती. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी तिला उघडपणे हेरगिरी म्हटले. २०१६ मध्ये ती सोय मूळ मांडणीत बंद करावी लागली.

मग सरसकट 'नाही' म्हणावे काय? इथे आंबेडकरी माणसाने थांबून विचार केला पाहिजे. मोजले न जाण्याची किंमत आपल्याइतकी कोणी मोजलेली नाही. १९३२ साली लोथियन समितीपुढे अस्पृश्यांची संख्या किती, हा वाद पेटला. संयुक्त प्रांतात जनगणनेनुसार एक कोटीहून अधिक असलेले अस्पृश्य प्रांतिक समितीने अवघ्या सहा लाखांवर आणून ठेवले! समितीचे सदस्य असलेल्या बाबासाहेबांना ही लबाडी हाणून पाडण्यासाठी झगडावे लागले. संख्या नाकारली की प्रतिनिधित्व नाकारता येते, हे त्यांनी ओळखले होते.

संगणकाच्या जगातही हाच न्याय चालतो. उबुंटूने २०१७ च्या १७.१० आवृत्तीपासून ३२-बिटच्या जुन्या यंत्रांसाठी डेस्कटॉपची प्रत देणे बंद केले. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नेही अशा यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोय काढून घेतली. असे निर्णय घेताना 'अशी यंत्रे आता वापरतो कोण?' हा सवाल येतोच. त्याचे उत्तर ज्यांची यंत्रे मोजली गेली तेच देतात. ज्याच्या घरी इंटरनेट नाही त्याचा अहवाल जातच नाही. एका संगणकावर दिवसभर वीस पोरे शिकत असतील, तरी मोजणीत एकच यंत्र. दुसरबीडमध्ये बसवलेले यंत्रही 'एशिया/कोलकाता' या वेळ-विभागात जमा होते, कारण अख्ख्या भारताला तेवढे एकच नाव आहे. आपण प्रणाली इंग्रजीत बसवली, तर मराठी वापरणाऱ्यांच्या रकान्यात आपली भर शून्य. मग मराठी सोयींवर कोणी कशासाठी श्रम घ्यावेत?

दुसरा मुद्दा संमतीचा. गावात प्रणाली बसवतो दुकानदार, नाहीतर क्लासचा शिक्षक. प्रश्न त्याच्यापुढे येतो, टिचकी तोच मारतो. ज्याने पैसे मोजले त्याला पत्ताही नसतो. म्हणजे संमती यंत्राच्या मालकाची की कारागिराची? खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मुक्त, नेमकी आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असावी, असे म्हटले आहे. संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय देणे त्यात बंधनकारक आहे. नुसत्या यंत्राच्या तपशिलाला हा कायदा लागू होईलच असे नाही, पण तत्त्व तेच हवे.

हा प्रश्न संगणकापुरता नाही. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत घरोघरी जात विचारली, पण जातीचे आकडे सरकारने दाबून ठेवले. आमच्याकडून माहिती घ्यायची आणि आम्हालाच दाखवायची नाही! आता २०२७ ची जनगणना मोबाइलवरून आणि जातीसह करण्याचे ठरले आहे. मोजणी होणे हा आपला विजय आहे. पण आकडे उघड झाले नाहीत, तर तो विजय कागदावरच राहील.

म्हणून भूमिका स्वच्छ असावी. मोजणीला आपला विरोध नाही, चोरून किंवा गृहीत धरून केलेल्या मोजणीला आहे. प्रश्न मराठीत विचारावा, 'होय' आधीच निवडलेले नसावे, काय घेतले ते दाखवावे आणि बेरीज सर्वांसाठी जाहीर करावी. आपल्या तरुणांनीही दुकानातून यंत्र घरी आणले की ही मांडणी स्वतः उघडून पाहावी, दुसऱ्याने दिलेला होकार तपासावा, प्रणाली मराठीत लावावी आणि पटले तर स्वतःच्या हाताने 'होय' म्हणावे. ज्या समाजाला शतकानुशतके कोणी काही विचारलेच नाही, त्याने आपला होकार फुकटात देऊ नये आणि आपली संख्याही कोणाला लपवू देऊ नये.