२३ वर्षांची गॅप

'या एका वर्षात नक्की काय केलंस?'

गेल्या वर्षी इंटर्नशिपसाठी एका ठिकाणी इंटरव्ह्यू होता. समोरच्या सरांनी माझा सीव्ही वरपासून खालपर्यंत वाचला आणि पेन एका जागी आणून थांबवलं. बारावीचं साल आणि डिग्रीच्या पहिल्या वर्षाचं साल, मध्ये एक वर्ष गायब. मी म्हटलं, 'पर्सनल रिझन्स.' सर 'हं' म्हणाले आणि त्या रिकाम्या वर्षाभोवती त्यांनी एक गोल काढला. ती इंटर्नशिप मला मिळाली नाही. गोलामुळेच नाही मिळाली असं म्हणणार नाही, पण तो गोल काही डोक्यातून जाईना.

खरं कारण अगदी साधं होतं. आजीला विस्मरणाचा आजार झाला होता. आई-बाबा दोघंही नोकरीला, तिला एकटीला घरात ठेवायची सोय नाही. मग मी थांबले. वर्षभर तिच्यासोबत होते. पण हे सीव्हीच्या कुठल्या रकान्यात लिहायचं, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

नंतर कधीतरी 'एलिझाबेथ इज मिसिंग' ही बीबीसीची २०१९ची फिल्म पाहिली. त्यात मॉड नावाची एक म्हातारी आहे. आठवण दगा देते म्हणून सारख्या चिठ्ठ्या लिहिणारी आणि हरवलेल्या मैत्रिणीचा शोध घेणारी. तिची चिडचिड, मध्येच हरवणारी नजर, कुणी समजूत घालायला गेलं की येणारा राग... मला आमची आजीच दिसत होती. ही बाई कोण म्हणून शोधलं. नाव ग्लेंडा जॅक्सन. आणि हिच्या सीव्हीवर तर चक्क २३ वर्षांची गॅप!

थोडी ओळख करून देते. ग्लेंडाचा जन्म १९३६चा, इंग्लंडमधल्या बर्कनहेडचा. वडील गवंडी, आई लोकांकडे साफसफाईची कामं करायची. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगी बूट्स या औषधांच्या दुकानात कामाला लागली. दोन वर्षं काउंटरवर काढल्यावर स्कॉलरशिप मिळवून ती लंडनच्या 'राडा' या नामांकित नाट्यशाळेत पोहोचली. तिथल्या प्राचार्यांनी तिला सांगितलं होतं की, चाळिशीच्या आत फारसं काम मिळेल अशी आशा ठेवू नकोस. कारण काय, तर ती 'हिरॉइन टाइप' नव्हती. पुढची काही वर्षं खरंच तशीच गेली. छोट्या नाटक कंपन्या, मध्ये मध्ये बेकारी, मिळेल ती नोकरी.

मग १९६४ साली पीटर ब्रूकनं तिला हेरलं. पुढे 'महाभारत' रंगमंचावर आणणारा तोच ब्रूक. त्याच्या 'मारा/साद' या नाटकानं ती लंडनहून न्यूयॉर्कला पोहोचली. 'विमेन इन लव्ह' आणि 'अ टच ऑफ क्लास' या दोन सिनेमांसाठी दोन ऑस्कर मिळाले आणि दोन्ही घ्यायला ती गेलीच नाही. ऑस्करच्या बाहुल्या आईकडे दिल्या. आईनं त्या इतक्या घासल्या, इतक्या घासल्या की वरचा मुलामाच निघून गेला, असा किस्सा ती सांगायची. १९७१ साली 'एलिझाबेथ आर' या मालिकेत राणी झाली, तेव्हा तिनं डोक्याचा पुढचा भाग खरोखर भादरून घेतला होता. विग लावून भागवलं नाही.

आणि मग १९९२ साली, पंचावन्नाव्या वर्षी, तिनं अभिनय सोडला. मजूर पक्षाकडून निवडणूक लढवून उत्तर लंडनमधून खासदार झाली. थॅचरबाईंच्या सरकारनं गरिबांचं जे केलं, त्याचा राग हे त्यामागचं मोठं कारण. आपल्याकडे डॉक्टरकी सोडून रंगभूमीवर आलेल्या श्रीराम लागूंची गोष्ट आपण कौतुकानं सांगतो. हिनं उलटा प्रवास केला.

सेलिब्रिटी खासदार म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येतं, ते इथं बाजूला ठेवा. राजकारणात आल्यावर ग्लेंडानं 'मध्ये मध्ये एखादा सिनेमा' असला प्रकार केला नाही. २०१५पर्यंत ती फक्त खासदार होती. त्यात सगळं झगमगीत होतं असंही नाही. वाहतूक खात्यात कनिष्ठ मंत्रिपद मिळालं, दोन वर्षांत सोडलं. लंडनच्या महापौरपदासाठी पक्षाची उमेदवारी मागितली, मिळाली नाही. इराक युद्धाच्या वेळी स्वतःच्याच पक्षाच्या पंतप्रधानांविरुद्ध उभी राहिली. २०१० साली तर जेमतेम ४२ मतांनी निवडून आली. म्हणजे दोन ऑस्करवाली बाई पंचवीसेक वर्षं दुसऱ्या क्षेत्रात घालवते आणि तिथं कुठल्याही शिखरावर पोहोचत नाही. आपल्याकडच्या एखाद्या काकांनी लगेच निकाल दिला असता, 'करिअर वाया घालवलं!'

पण पुढे बघा. २०१५ साली ती संसदेतून बाहेर पडली आणि २०१६ साली, ऐंशीव्या वर्षी, लंडनच्या ओल्ड विक थिएटरमध्ये उभी राहिली. भूमिका? किंग लिअर. आपल्या 'नटसम्राट'चं मूळ ज्या नाटकात आहे, त्यातला तो म्हातारा राजा. एका बाईनं, ऐंशीव्या वर्षी, पंचवीसेक वर्षं स्टेजवर पाय न ठेवता. २०१८ साली ब्रॉडवेवर 'थ्री टॉल विमेन'साठी टोनी मिळाला. मग मॉड. २०२३ साली ती गेली, तेव्हा मायकेल केनसोबतचा तिचा शेवटचा सिनेमा पूर्ण झालेला होता, थिएटरात लागायचा बाकी होता.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. बाई असून लिअर कसा काय, असं तिला सगळे विचारायचे. तिचं म्हणणं असं की, खासदार म्हणून ती वृद्धांच्या केंद्रांना भेटी द्यायची. तिथं तिच्या लक्षात आलं, की वय वाढतं तशी बाई आणि पुरुष यांच्यातली रेघ पुसट होत जाते. म्हणजे लिअर तिला कुठे सापडला? तर त्या गॅपमध्ये! ज्या वर्षांना आपण 'अभिनयाशिवाय गेलेली' म्हणतो, त्या वर्षांत ती माणसं बघत होती.

माझं म्हणणं एवढंच आहे. गॅप हा शब्दच चुकीचा आहे. कुणाच्याही आयुष्यात वर्ष रिकामं नसतं. कुणी घरच्यांचं आजारपण काढत असतं, कुणी फीचे पैसे जमवायला दुकानात उभं असतं, कुणी एमपीएससीचे दोन अटेम्प्ट देऊन परत आलेलं असतं. ते सगळं त्या माणसासोबत पुढच्या कामात येतं. विचारणाऱ्यानं 'का थांबलात?' असं विचारण्याऐवजी 'तेव्हा काय बघितलंत?' असं विचारलं, तर त्याला बरा उमेदवार मिळेल.

'तिचं काय, ती ग्लेंडा जॅक्सन होती' असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. दोन ऑस्कर असले की दार पुन्हा उघडतं, आपल्याला मात्र ते पुन्हा पुन्हा ठोठवावं लागतं. मूल झाल्यावर चार वर्षं घरी बसलेल्या माझ्या मावशीला कुणी लिअर दिला नाही, जुना पगारसुद्धा दिला नाही. म्हणून तर हे बोलायला हवं. परतीची वाट फक्त नाववाल्यांसाठी असून चालणार नाही. आणि पोचलेल्यांच्या गोष्टी ऐकून 'बघ, जिद्द पाहिजे' एवढाच धडा आपण घेतला, तर सीव्हीवर गोल काढणारे सर तसेच राहतील.

माझ्यापुरतं मी ठरवलंय. सीव्हीत आता एक ओळ वाढवली आहे : 'एक वर्ष, आजीची पूर्णवेळ देखभाल.' पुढच्या इंटरव्ह्यूत कुणी विचारलं तर 'पर्सनल रिझन्स' म्हणणार नाही. एकच प्रश्न दिवसातून चाळीस वेळा आला तरी चाळिसाव्या वेळीही तो पहिल्यांदाच ऐकतोय असं उत्तर द्यायला मी त्या वर्षात शिकले. पत्रकाराला हे उपयोगी पडतं का, ते त्यांनी ठरवावं.

तुमच्या गॅपमध्ये काय होतं? एकदा लिहून तर बघा.