निबंधाआधी थोडं



आंतरराष्ट्रीय विकासाच्या नीतिशास्त्रावर विद्यार्थ्यांसाठी निबंधस्पर्धा होतात. आपल्या मुलींनी त्यांत जरूर लिहावं. सुरुवात मात्र नर्मदेपासून करावी. सरदार सरोवराला जागतिक बँकेनं १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले. पुनर्वसनाचा आधार होता १९७९ चा लवादाचा निवाडा. त्यात बुडणाऱ्या घरातला प्रत्येक सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब. सज्ञान मुलगी नाही! शेतात ती काय कमी राबली होती? १९९२ मध्ये मोर्स समितीनं बँकेवरच ठपका ठेवला, १९९३ मध्ये भारत सरकारनं उरलेलं कर्ज नाकारलं.

अक्राणीतली पावरी बोलणारी मुलगी हे इंग्रजीत कसं लिहिणार? आयोजकांनी अनुवादाचा खर्च उचलावा, ही आमची मागणी आहे.