खिडकीला दुहेरी काच बसेल, पण वरच्या पत्र्याचं काय? विमानाच्या आवाजाचा प्रश्न

पनवेल : नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली. जमीन, साडेबावीस टक्के, नोकऱ्या, दि. बा. पाटलांचं नाव यासाठी पनवेल-उरण पट्ट्यात वर्षानुवर्षं मोर्चे निघाले. आवाजाचा मुद्दा मात्र मागेच राहिला. परदेशात विमानतळाजवळची घरं सरकारी किंवा विमानतळाच्या पैशातून साउंडप्रूफ करून देतात. तीच मागणी इथे करायची तर नेमकं काय मागायचं, हे आधी समजून घ्यायला हवं.

पहिली गोष्ट कायद्याची. जून २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार वर्षाला ५० हजारांहून जास्त विमानांची ये-जा असलेल्या विमानतळाच्या परिसरात आवाजाची मर्यादा दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल आहे. साध्या रहिवासी भागाला हीच मर्यादा ५५ आणि ४५. डेसिबल १० ने वाढला की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, म्हणजे रात्रीचा फरक चौपटीचा झाला. शिवाय हा आकडा सरासरीचा. विमान अर्धा मिनिट धडधडतं, मग शांतता, आणि हिशेब दोन्हींचा मिळून होतो. झोप मोडते ती त्या अर्ध्या मिनिटात.

आता घर. विटांच्या भिंतीतून आवाज फारसा येत नाही. तो येतो फटीतून : दाराखालून, स्लायडिंग खिडकीच्या पट्टीतून, कौलांच्या सांध्यातून. पत्रा तर स्वतःच थरथरतो. परदेशी योजनांचा मुख्य भर जाड किंवा दुहेरी काचेच्या खिडक्या, जड दरवाजे, रबरी पट्ट्या यांवर असतो. आपल्याकडच्या कौलारू किंवा पत्र्याच्या घराला नुसत्या खिडक्या बदलून दिल्या तर आवाज वरून येतच राहणार. आधी छताखाली ग्लासवूल भरून पक्कं सीलिंग करावं लागेल. (मोबाईलवर दिसणारे अंड्याचे ट्रे आणि थर्माकोल यावर पैसे घालू नयेत. त्याने खोलीतला घुमणारा आवाज थोडा कमी होतो, बाहेरचा थांबत नाही.)

आणि सगळं बंद केल्यावर मे महिन्यात माणसं आत कशी राहणार? जपानमध्ये १९६७ च्या कायद्यानंतर ओसाकाच्या इतामी विमानतळाजवळच्या घरांना खिडक्यांबरोबर एसीसाठीही अनुदान मिळालं ते याचसाठी. इथे एसी फुकट मिळाला तरी वीजबिल कोण भरणार, हा प्रश्न अर्जातच विचारायला हवा.

पैसा कुठून आणायचा याचीही उदाहरणं आहेत. फ्रान्समध्ये विमान कंपन्यांकडून आवाजाचा कर घेतात आणि त्यातून घरांची कामं होतात. अमेरिकेत केंद्राचा निधी आणि प्रवाशांच्या तिकिटावरचं शुल्क वापरतात.

पण अमेरिकेच्या योजनेतल्या दोन अटी इथल्या लोकांनी नीट वाचाव्यात. १ ऑक्टोबर १९९८ नंतर बांधलेल्या घराला तिथे सहसा केंद्राचा पैसा मिळत नाही. अशी तारीख इथे लावली तर गरजेपोटी बांधलेल्या घरांचं काय होईल, हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे घरपट्टीच्या जुन्या पावत्या, वीजमीटरची तारीख, घराचे फोटो आजच सांभाळून ठेवलेले बरे. दुसरी अट सहीची. तिथले बरेच विमानतळ काम करून देताना घरमालकाकडून कागद लिहून घेतात : वरून विमानं जाण्याचा हक्क मान्य आहे, आवाजाबद्दल दावा करणार नाही. एकदा सही झाली की पुढे विमानं वाढली तरी हात बांधलेले. खिडक्यांच्या बदल्यात असा कागद पुढे आला तर ग्रामसभेत वाचून, वकिलाला दाखवल्याशिवाय अंगठा उठवू नये.

त्याआधी मागायचा तो नकाशा. कोणत्या गावावर किती डेसिबल पडतात, हे दाखवणारा आणि मराठीत समजावून सांगितलेला. धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, म्हणून दोन्ही टोकांच्या दिशेला राहणाऱ्यांना त्रास जास्त. बाजूच्या गावाला अंतर कमी असूनही आवाज कमी लागू शकतो. ग्रामपंचायतीने माहिती अधिकारात अर्ज टाकताना एक गोष्ट स्पष्ट लिहावी : मूळ आराखड्यात धावपट्ट्या दोन आहेत, विमानतळ सुरू झाला तो एकीवर. नकाशा दोन्ही धावपट्ट्या आणि रात्रीची विमानं धरून केलेला हवा.