चित्रपटाच्या आत घरी

मुंबईत दूरदर्शन आले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. आमच्या चाळीत ते पोचायला आणखी चार वर्षे लागली. पण पोचले, आणि आमच्या सहलींची संध्याकाळच गेली! जुहूला जा नाहीतर आणखी कुठे, नियम एकच. रविवारचा हिंदी चित्रपट सुरू होण्याआधी परतायचे आणि शेजारच्या काकूंच्या सतरंजीवर पुढची जागा धरायची.

आईचे एकच मागणे असे, "अहो, एकदा सूर्य बुडेपर्यंत तरी बसू या!" त्यावर तीर्थरूप नुसते घड्याळ दाखवीत. भेळ अर्धी तोंडात, अर्धी वाळूत, अशा थाटात आमची वरात बसच्या रांगेत!

१९८० साली 'कुर्बानी'तले नाझिया हसनचे गाणे गाजले. धाकटी बहीण बसमध्ये तेच गुणगुणे. "हे गाणे की उचकी?" तीर्थरूप विचारीत. पुढे दाढी करताना तीच उचकी त्यांनाही लागली, ही गोष्ट निराळी.

आज ते सारे चित्रपट, ती सारी गाणी खिशातल्या फोनमध्ये आहेत. ज्याच्यासाठी एवढे धावलो, ते कुठेच पळून जाणार नव्हते म्हणायचे!

तीर्थरूप आता नाहीत. आई ब्याऐंशीची आहे. यंदा भाऊबीजेला बहीण आली की तिघांनी जुहूला जायचे ठरले आहे. आईने लगेच विचारले, "परत किती वाजता?"

"अंधार पडल्यावर."

आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "मग भेळ पुरती खाऊन होईल."