कोरड्या दौतीचे वैभव

साहित्याच्या प्राध्यापकाचे, समीक्षकाचे वा होतकरू कवीचे लेखनमेज अलीकडे दुरूनही ओळखू येते. त्यावर पितळेची दौत असते. तीत शाई नसते. शेजारी बोरू असतो. त्याला कधी टोक काढलेले नसते. डाव्या हाताला जुना टाइपरायटर, त्याची फीत वाळून कडक झालेली. कोपऱ्यात कंदील, त्यात विजेचा दिवा. आणि या साऱ्या सरंजामाच्या मधोमध, जिथे खरोखर काम चालते तिथे, संगणक. २०२० नंतर व्याख्याने पडद्यावरून होऊ लागली आणि हे मेज वक्त्याचे नेपथ्य झाले. मुंबईच्या चोरबाजारातून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून घासाघीस करून आणलेल्या वस्तूंना तेव्हापासून प्रेक्षकही लाभला.

यात कोणाचे काय बिघडते, असे कोणी विचारील. हौसेला मोल नसते हे आम्हांलाही मान्य आहे. एखाद्या दंतवैद्याने आपल्या मेजावर दौत ठेवली तर आम्ही चकार शब्द काढणार नाही. पण ज्यांचा व्यवहारच लिहिलेल्या अक्षराशी आहे, त्यांच्या मेजावरची कोरडी दौत आम्हांला खटकते. लेखनाची साधने जपण्याच्या भरात आपण लेखनच टाकून देत आहोत, हा आमचा आक्षेप आहे. आणि तो हवेत केलेला नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयातले मराठीचे एक जुने अध्यापक वारले. वाडा पाडून इमारत व्हायची होती, घर रिकामे करायची घाई होती. आम्ही पोहोचलो तेव्हा जुन्या सामानाचा व्यापारी येऊन गेला होता. शिसवी मेज, दौत, टाकांचा पेला, टाइपरायटर, सारे चांगल्या भावाने गेले होते. मेज जड होते, म्हणून उचलण्यापूर्वी त्याचे खण जमिनीवर उपडे केले होते. खणांत होते ते सरांचे चाळीस वर्षांचे टिपण, लेखकांची पत्रे, दोन अपुरे लेख आणि अनियतकालिकांचे काही अंक. रद्दीवाला ते सकाळीच किलोवर घेऊन गेला होता. घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दौतीला किंमत येते हे त्यांना ठाऊक होते. कागदालाही किंमत असते हे त्यांना सांगायचे काम आमचे होते, आणि ते आम्ही सरांच्या हयातीत कधी केले नव्हते.

गंमत अशी की आपला कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणा आहे. १९७२च्या पुरावशेष व कलावस्तू कायद्यानुसार एखादी वस्तू पुरावशेष ठरायला किमान शंभर वर्षे जुनी असावी लागते. शास्त्रीय, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मूल्य असलेल्या हस्तलिखिताला मात्र पंचाहत्तर वर्षे पुरतात. म्हणजे कागदाकडे पंचवीस वर्षे आधी लक्ष द्या, असे कायदाच सांगतो. आमच्या दिवाणखान्यातले गणित नेमके उलटे आहे. तिथे पन्नास वर्षांचा टाइपरायटर ‘अँटिक’ ठरतो आणि शंभर वर्षांची चोपडी अडगळ.

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करीत हिंडले ते कशासाठी? ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे एकूण बावीस खंड झाले, ते वाड्यांच्या माळ्यांवर वाळवीच्या तोंडी गेलेल्या कागदांतून. त्या माळ्यांवर दौतीही पडलेल्या असणार. राजवाड्यांनी दप्तरे मागितली. आज आपल्यापैकी कोणी त्या माळ्यावर चढला तर आधी हात कशाला घालील, हे ज्याने त्याने स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवावे.

दुसरा मुद्दा याहून गंभीर आहे. मेजावर येताना ही दौत घासूनपुसून येते आणि तिचा इतिहासही पुसला जातो. ही दौत कोणाची होती? बहुधा एखाद्या कुळकर्ण्याची, सावकाराच्या कारकुनाची. तिच्यातल्या शाईने खाती लिहिली गेली, जमिनी या नावाच्या त्या नावावर झाल्या, अक्षरशत्रू ठेवलेल्या माणसांचे अंगठे उठवले गेले. ‘कलमकसाई’ हा शब्द मराठीत उगाच रुजलेला नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये लेखणीच्या सत्तेचा हिशेब मांडला, शाहू छत्रपतींनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात कुळकर्णी वतने बरखास्त करून तलाठी नेमले. वर्गात हे सारे आपण शिकवतो. आणि घरी येऊन त्याच दौतीकडे पाहत ‘काय ते दिवस होते’ असा सुस्कारा टाकतो. कोणाचे दिवस, हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्याने विचारायचा नाही तर कोणी विचारायचा?

टाइपरायटरचेही तेच. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचे यंत्र आणले आणि त्यावर किती घरे चालली! टंकलेखनाची परीक्षा देऊन नोकरीला लागलेल्या मुली, न्यायालयाबाहेर झाडाखाली बसून अर्ज बडवणारे टंकलेखक, त्यांची दुखरी बोटे, हे त्या यंत्राचे चरित्र आहे. आपल्या मेजावर मात्र ते एकट्या प्रतिभावंताचे प्रतीक होऊन बसते. १९५४च्या सुमारास ‘शब्द’सारखे अनियतकालिक चक्रमुद्रित करून काढले गेले, तेव्हा त्या काढणाऱ्यांना यंत्राचे कौतुक नव्हते, छापखान्याचा खर्च परवडत नव्हता, एवढेच. आज त्या काळच्या यंत्रांना मागणी आहे. अंक शोधायला निघालेल्या संशोधकाला मात्र दारोदार हिंडावे लागते.

फ्रेंच विचारवंत बोद्रियार याने १९६८च्या आपल्या वस्तुमीमांसेत जुन्या वस्तूंचा विचार केला आहे. अशी वस्तू काही कामाची उरत नाही, ती केवळ काळाची खूण म्हणून मिरवते, असा त्याचा रोख आहे. आम्ही त्यात भर घालू ती एवढीच, की आपल्याकडे ही खूण विद्वत्तेचा दाखला म्हणूनही चालते. मेज जितके जुने, तितका त्यावरचा विचार मुरलेला, असा समज पाहणाऱ्याचा होतो आणि हळूहळू बसणाऱ्याचाही.

मग दिनकर केळकरांनी दिवे आणि अडकित्ते जमवले तेही चूक का? नाही. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या आणि त्यांचे संग्रहालय करून त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. तिथे वस्तू पाहणाऱ्याला काही शिकवते. आपल्या मेजावरची दौत केवळ मालकाची शोभा वाढवते. वापरातल्या वारशाबद्दलही आमची तक्रार नाही. आजोबांच्या पेनाने नातू आजही लिहीत असेल तर ते पेन जुने नव्हेच.

सांगायला संकोच वाटतो, पण आमच्याही मेजावर अशी एक दौत आहे. हा लेख लिहिताना ती समोरच होती, आणि तिने आम्हांला एका अक्षराचीही मदत केली नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत आणि ते वाचू शकणारे डोळे थोडे आहेत. पुराभिलेख संचालनालय मोडीचे अभ्यासवर्ग घेत आले आहे. दौत विकत घेण्याच्या पैशांत आणि वेळात ती लिपी शिकून होते. मराठीच्या प्रत्येक विभागातून दोघांनी जरी ती शिकली, तरी त्या दौतीतून उतरलेले काहीतरी वाचले जाईल.

तेही जमत नसेल, तर निदान एवढे करावे. ओळखीच्या एखाद्या वृद्ध अध्यापकाकडे, लेखकाकडे या महिन्यात जाऊन यावे. त्यांच्या मेजावर काय आहे ते पाहू नये. खणांत काय आहे ते विचारावे, त्याची यादी करावी आणि ते पुढे कुठे जायचे हे त्यांच्या तोंडून लिहून घ्यावे. मेज उचलणारे येतीलच. ते खण उपडे करण्याआधी आपण पोहोचायला हवे.