पथ्य एकट्याचं नको, घराचं करा

तुमच्या घरात कुणाची तरी साखर वाढली आहे. कुणाचं बीपी वाढलं आहे. तुमच्याकडे नसेल, तर शेजारी नक्की आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली आले. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर. मोठ्या माणसांत शंभरातल्या पस्तिसांना उच्च रक्तदाब. ही माणसं कुणी परकी नाहीत. तुमच्या पंगतीला बसणारीच आहेत.

आणि रिपोर्ट आला की आपण काय करतो? ज्याचं नाव रिपोर्टवर, त्याला बाजूला काढतो. बाबांचा चहा बिनसाखरेचा. बाबांची भाजी वेगळ्या पातेल्यात. बाकी घर जिथल्या तिथे. रात्री ताटं वाढली जातात. बाबांपुढे दुधीची फिकी भाजी, एक फुलका, काकडी. शेजारी मुलाच्या ताटात बटाट्याची काचरी, वर तळलेल्या दोन कुरडया. सून मायेनंच म्हणते, "बाबा, तुमचं वेगळं काढलंय." बाबाही बिचारे मान डोलावतात. पहिला आठवडा निभावतो. दुसऱ्या आठवड्यात बाबा म्हणतात, "एक कुरडई इकडे दे गं, एकीनं काय होतंय." महिनाभरानं संध्याकाळच्या फेरफटक्यात भजी खाऊन येतात आणि घरी सांगत नाहीत.

त्यांना रागावू नका. भरल्या घरात एकट्यानं पथ्य पाळणं कुणालाच जमत नाही. तुम्हालाही जमणार नाही. म्हणून हात जोडून सांगते, ती वेगळी वाटी बंद करा. एकच पातेलं चढवा आणि तेच सगळ्यांनी खा. बाबांच्या पथ्याचं जेवण म्हणजे काही आजाऱ्याची पेज नव्हे. पालेभाजी, उसळ, ज्वारीची भाकरी, ताक, थोडा भात. आपल्या आज्यांनी आयुष्यभर हेच रांधलं. आणि लक्षात घ्या, ज्या मुलाच्या वडिलांना मधुमेह आहे, त्या मुलालाही धोका इतरांपेक्षा जास्त. काचरीचं ताट ज्याच्यापुढे आहे, पथ्याची गरज त्यालाही आहे. त्याचा रिपोर्ट अजून यायचा आहे, एवढंच.

सवयी घरात पसरतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. विरजण एक चमचा लागतं, दही पातेलंभर होतं. पण नुसत्या अनुभवावर विसंबू नका, याची मोजदादही झालेली आहे. इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढच्या ३,७०० हून अधिक जोडप्यांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. २०१५ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. सिगारेट ओढणाऱ्या बायकांपैकी ज्यांचे नवरे ओढतच राहिले, त्यांतल्या जेमतेम ८ टक्के बायकांची सिगारेट सुटली. नवरा पहिल्यापासूनच न ओढणारा असेल, तर १७ टक्के. आणि नवऱ्यानं त्याच काळात स्वतः सोडली असेल, तर ५० टक्के. हे आकडे पुन्हा वाचा. निर्व्यसनी जोडीदारापेक्षा बरोबरीनं सोडणारा जोडीदार कितीतरी जास्त कामी आला. चालण्या-व्यायामाचंही तेच, वजनाचंही तेच. कुणी म्हणेल, सारख्या स्वभावाची माणसंच एकत्र येतात, त्यात नवल काय. थोडं खरं आहे. पण मग निर्व्यसनी नवऱ्याची बायको मागे का पडली, याचं उत्तर त्या शंकेत मिळत नाही.

तेव्हा उपदेश थांबवा. "तुम्ही जरा चालायला जात जा" हे वाक्य घराघरांत रोज बोललं जातं आणि रोज वाया जातं. त्याऐवजी चपला घाला आणि म्हणा, "चला." दिवसाला अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, किंचित धाप लागेल असं चाला. जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेली १५० मिनिटं एवढ्यात भरतात. सासरे-सून जा, मायलेकी जा, नवरा-बायको जा. भांडत गेलात तरी चालेल, पण जा.

आता ज्या माणसाचं नाव सगळ्यात शेवटी निघतं, तिच्याबद्दल. बाबांची साखर वाढली तर आई वेगळी भाजी करते. आईची साखर वाढली तर वेगळी भाजी कोण करतं? कुणी नाही. ती सगळ्यांना वाढते. पोरानं टाकलेली अर्धी पोळी तिच्या ताटात येते. सकाळचा भात उरला तर तोही तिच्याच वाट्याला, कारण अन्न टाकायचं कसं. जेवायला साडेदहा वाजतात. जेवणाआधीची गोळी कधी जेवणानंतर घेतली जाते, कधी राहूनच जाते. पायाला मुंग्या येतात, त्याचं खापर ती संध्याकाळच्या स्वयंपाकात उभं राहण्यावर फोडते. डॉक्टरांकडे जायचं तर "पोरांच्या परीक्षा होऊ देत" म्हणते. परीक्षा होतात, मग लग्नसराई येते. तोवर साखर डोळ्यांचं आणि किडनीचं नुकसान गुपचूप करत राहते. दुखत काहीच नाही. तोच तर धोका आहे.

पुरुषांनो, हे तुमच्या हातात आहे. तिच्या जेवणाची वेळ तीच घराची वेळ ठरवा. सगळे एकदम बसा आणि ज्याला जे हवं ते त्यानं उठून घ्या. उरलेलं सगळ्यांत वाटून संपवा, तिच्या एकटीच्या ताटात नको. भाजी निवडायला बसा. काकडी-टोमॅटो चिरायला काही शिकवणी लावावी लागत नाही. किराणा तुम्ही आणता ना? मग बदल पिशवीतूनच घरात येऊ द्या. फरसाणाचं पाकीट घरात आलं नाही तर ते खाऊ नका असं कुणाला सांगावंच लागणार नाही. तेलाचा डबा फोडलात की त्यावर पेनानं तारीख घाला. पुढचा डबा त्याहून चार दिवस जास्त पुरवा. मिठाचा हिशेब तर पाटीवरचा आहे. माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, यापेक्षा जास्त नको. चौघांच्या घराला महिन्याला ६०० ग्रॅम झाले. तुमच्याकडे महिन्याला किलोची पिशवी संपत असेल, तर लोणचं, पापड आणि बाहेरचं खाणं धरण्याआधीच तुम्ही हद्द ओलांडली आहे. आमटीत रोज चिमूटभर कमी घाला. काही आठवड्यांत जिभेला कळेनासं होतं. आणि ताटात डावीकडे मीठ वाढण्याची रीत आजपासून मोडा. देव कोपणार नाही.

एक सांभाळा. घर बदलताय म्हणून कुणाची गोळी किंवा इन्सुलिन मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. लहान मुलं आणि गरोदर बाई यांना उपाशी ठेवू नका. बाकी बिनधास्त करा.

तंबाखूचं काय करायचं? महाराष्ट्रात बिडी-सिगारेट ओढणारे फारसे नाहीत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत ते चार टक्क्यांच्या आसपास निघाले. पण तंबाखू, मावा, मिश्री खाणारे-लावणारे शंभरातले चोवीस. म्हणजे चारातलं एक मोठं माणूस. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि तो मिळतो कसा हे तुम्हाला मी सांगायला नको. सकाळी आजी चुलीपाशी बसून मिश्री लावते. नात शेजारी बसून बघते. एक दिवस गंमत म्हणून तिच्याही बोटावर चिमूट येते. काका हॉलमधून हाक मारतात, "बाळ्या, कोपऱ्यावरून पुडी आण रे, उरलेल्या पैशांचं चॉकलेट घे." अठरा वर्षांखालच्याला तंबाखू विकणं २००३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. आपण त्याच पोराच्या हातात पैसे देऊन त्याला टपरीवर पाठवतो. त्याला कोणतं दुकान, कोणती पुडी, किती रुपये, सगळं पाठ होतं.

ही हाक आजपासून मारू नका. पोराला पुडी आणायला पाठवू नका, कधीच नाही. आणि तंबाखू सोडायची असेल तर एकट्यानं कुढत बसू नका. घरात जो दुसरा खाणारा आहे, त्याला बरोबर घ्या. काका-पुतण्या मिळून एकच तारीख धरा. डबी दोघांची एकदम फेका. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा १८००-११-२३५६ हा क्रमांक फुकट लागतो, तो भिंतीवर लिहा.

लहान मुलं नुसती बिघडतातच असं नाही. मोठ्यांना सुधारण्यातही ती वस्ताद असतात. चीनमधल्या चांगझी शहरात २८ शाळांवर एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांतल्या पाचवीच्या मुलांना मिठाबद्दल शिकवलं आणि सांगितलं, घरी जाऊन सगळ्यांना सांगा. जेमतेम एक सत्र. उरलेल्या शाळांच्या तुलनेत या मुलांच्या घरातल्या मोठ्यांचं मीठ दिवसाला जवळजवळ ३ ग्रॅमनं उतरलं, रक्तदाबही थोडा खाली आला. आईबापांपर्यंत, आजी-आजोबांपर्यंत निरोप पोचवला तो पोरांनी. दहा-अकरा वर्षांची पोरं ताटावर बसून टोकत होती, बस्स. तुमच्या घरातही असं एक टोकणारं पोर असेल. त्याला गप्प करू नका. शिक्षक असाल तर वर्गात हा विषय उद्याच काढा.

थांबू नका. श्रावण येऊ दे, नवीन वर्ष लागू दे, पोरीचं लग्न उरकू दे, असं म्हणू नका. ज्या घरात एक रिपोर्ट आला आहे, तिथे पुढचा वाटेवर असू शकतो. आज रात्री एकच पातेलं चढवा. जेवणानंतर घरात तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचं नाव कागदावर लिहा, आईचं सगळ्यात वर. आणि या आठवड्यात सगळ्यांना बरोबर घेऊन जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जा. तिशीपुढच्या माणसांची साखरेची, रक्तदाबाची आणि तोंडाच्या कर्करोगाची तपासणी तिथे मोफत होते.