चाळीस मिनिटांचा हंगाम

पावसाळा सरू लागला म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे कागद लागू लागतात. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, कुस्ती, मैदानी खेळ. कोणी, कोठे व किती वाजता हजर व्हावयाचे, एवढे त्यांत लिहिलेले असते. सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या महाविद्यालयाचा कबड्डी संघ पहाटेच्या गाडीने निघतो, यजमान महाविद्यालयाच्या मैदानावर उतरतो, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव खेळतो, हरतो आणि रात्री घरी परततो. स्पर्धा बहुधा बाद पद्धतीची असल्यामुळे त्या संघाचा त्या वर्षाचा खेळ तेथेच संपतो. बारा महिन्यांचे वर्ष आणि चाळीस मिनिटांचा हंगाम! यातून खेळाडू निर्माण होत नाहीत, अशी तक्रार आपण दरसाल करीत असतो. आम्हांस नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. इतक्या अल्प खेळावरही काही मुले-मुली खेळाडू होतात, हे नवल खरे.

खानदेशातील उच्च शिक्षणाचा इतिहास फार जुना नाही. जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय १९४५ साली निघाले. प्रथम मुंबई विद्यापीठ आणि नंतर पुणे विद्यापीठ यांच्या छायेत या प्रांतातील महाविद्यालये वाढली. परीक्षेचा निकाल असो वा संघाची निवड, खानदेशच्या विद्यार्थ्याने शेकडो मैल दूरच्या शहराकडे डोळे लावून बसावे, अशी तेव्हाची रीत होती. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावी स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले, आणि २०१८ साली त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव लाभले. विद्यापीठ जवळ आले, अंतर तुटले, ही गोष्ट मोलाची खरी. परंतु अंतर तुटल्याबरोबर हंगाम वाढावयास हवा होता, तो वाढला नाही. जवळ आलेल्या विद्यापीठाचा लाभ खेळाडूस कितीसा झाला, या प्रश्नाचे उत्तर आम्ही पदकांच्या संख्येत शोधीत नाही. सामान्य खेळाडू वर्षातून किती वेळा मैदानात उतरतो, या एकाच प्रश्नात ते शोधावे, असे आमचे मत आहे.

प्रथम वेळापत्रकाचा विचार करू. जून-जुलैत प्रवेश होतात. जुलै-ऑगस्टमध्ये मैदानात चिखल असतो. सप्टेंबरपासून स्पर्धांची घाई सुरू होते, कारण भारतीय विद्यापीठ संघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धांसाठी विद्यापीठाचा चमू वेळेवर पाठवावयाचा असतो. इतक्यात पहिल्या सत्राची परीक्षा येते. त्याच दिवसांत घरी कापसाची वेचणी चालू असते, आणि शेतकऱ्याच्या मुलास घरचे काम टाळता येत नाही. पुढे डिसेंबर ते फेब्रुवारी हे तीन महिने खानदेशात खेळण्यास सर्वांत अनुकूल. हवा थंड, मैदान कोरडे. आणि नेमक्या याच महिन्यांत आमच्या बहुसंख्य महाविद्यालयांची मैदाने ओस पडलेली असतात, कारण आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोवर उरकलेल्या असतात! मार्च उलटला की जळगाव-भुसावळचे ऊन काय असते, हे आमच्या वाचकांस सांगणे न लगे. निसर्गाने दिलेला हंगाम आम्ही रिकामा ठेवतो आणि चिखलातला व परीक्षेतला काळ खेळासाठी निवडतो, याला नियोजन म्हणावे काय?

परीक्षा व स्पर्धा यांची टक्कर ही तर नित्याचीच बाब होऊन बसली आहे. विद्यापीठाचा गणवेश घालून परप्रांती खेळावयास गेलेल्या विद्यार्थ्याचा एखादा पेपर बुडाला, तर तो विद्यापीठाच्याच कामासाठी बुडालेला असतो. अशा विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र फेरपरीक्षा घेण्याची सोय काही विद्यापीठांनी केलेली आहे. ती सर्वत्र असावी, आणि अर्ज-विनंत्या करून मिळणारी कृपा म्हणून नव्हे, तर वर्षारंभीच छापून जाहीर केलेला हक्क म्हणून असावी. नव्या शैक्षणिक धोरणान्वये २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत जी रचना लागू झाली, तीत क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना आदी सहअभ्यासक्रमीय उपक्रमांना श्रेयांक मिळू लागले आहेत. एका हाताने खेळाला श्रेयांक द्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने खेळणाऱ्याचा पेपर हिरावून घ्यावयाचा, ही विसंगती फार काळ टिकू देणे विद्यापीठाच्या प्रतिष्ठेस शोभणारे नाही.

दुसऱ्या देशांतील उदाहरणे आंधळेपणाने गिरवावीत, असे आम्ही कधीच म्हटलेले नाही. तथापि अमेरिकेतील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तेथील महाविद्यालयीन क्रीडासंस्थेने १९७३ साली आपल्या सभासद महाविद्यालयांच्या तीन श्रेणी पाडल्या. पहिल्या श्रेणीत पैसा, प्रसिद्धी व प्रचंड प्रेक्षागारे आहेत. २०२५ मधील एका न्यायालयीन तडजोडीनंतर तर तेथील महाविद्यालयांस खेळाडूंना सरळ मोबदला देण्याची मुभा मिळाली आहे. तो मार्ग आपला नव्हे. परंतु सभासदांच्या संख्येने सर्वांत मोठी आहे ती तिसरी श्रेणी. चारशेहून अधिक महाविद्यालये तीत आहेत. या श्रेणीत खेळासाठी म्हणून एक छदामही शिष्यवृत्ती देता येत नाही. तरीसुद्धा तेथील एखाद्या लहान महाविद्यालयाचा बास्केटबॉल संघ एका हंगामात पंचवीसपर्यंत सामने खेळतो. आसपासच्या महाविद्यालयांनी आपसांत गट बांधावयाचा, एकदा त्यांनी आमच्याकडे यावयाचे, एकदा आम्ही त्यांच्याकडे जावयाचे, आणि हरले तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळावयाचे, एवढीच ती युक्ती. पैसा नसतानाही हंगाम असू शकतो, हा त्यातला धडा आहे.

हा धडा खानदेशात अशक्य आहे काय? मुळीच नाही. सुरत-भुसावळ लोहमार्गाकडे पाहा. भुसावळ, जळगाव, धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार ही महाविद्यालयांची गावे एकाच रुळावर मण्यांसारखी ओवलेली आहेत. धुळे, शिरपूर, शहादा यांचा दुसरा गट सडकेने बांधता येईल. आठ महाविद्यालयांचा एक गट धरला आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळावे असे ठरविले, तर सात शनिवारांत अठ्ठावीस सामने होतात. प्रत्येक संघाच्या वाट्यास सात सामने येतात, आणि त्यांपैकी तीन किंवा चारच वेळा त्यास बाहेरगावी जावे लागते. चाळीस मिनिटांच्या जागी दोनशे ऐंशी मिनिटे! सकाळी निघून दिवेलागणीच्या आत परत येता येईल अशा अंतरातले हे सामने असल्यामुळे मुलींच्या पालकांनाही ते मान्य होतील. मुक्कामाची स्पर्धा म्हटली की कित्येक घरांतून नकार येतो आणि चांगली खो-खो खेळणारी मुलगी घरी बसते, हे आपण सर्वजण जाणतो. अशा साखळी सामन्यांतील कामगिरी पाहूनच पुढील वर्षीच्या विद्यापीठ संघाचे संभाव्य खेळाडू ठरवावेत, म्हणजे एका दिवसाच्या चाचणीवर कोणाचे नशीब लटकणार नाही.

आता शिष्यवृत्तीचा प्रश्न. आपल्याकडे पदक मिळाल्यानंतर सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळते, क्वचित रोख बक्षीसही मिळते. पदकापूर्वी मात्र काहीच नसते. केंद्राच्या 'खेलो इंडिया' योजनेत निवडलेल्या खेळाडूस दरमहा १०,००० रुपये हातखर्चास मिळतात, ही स्तुत्य गोष्ट आहे. परंतु त्या निवडीपर्यंत पोहोचणारा एखादाच. बाकीच्यांचे काय? आम्ही पूर्वी शिक्षकी पेशात होतो. आमच्या वर्गात दूरच्या खेड्यावरून येणारा एक मुलगा होता. त्याच्याइतके वेगाने धावणारा दुसरा मुलगा त्या शाळेत नव्हता. सायंकाळच्या सरावास तो कधी थांबत नसे, आणि त्याला खेळाची आवड नाही असे आम्ही कित्येक महिने समजत होतो. पुढे कळले की त्याच्या गावची शेवटची एस.टी. शाळा सुटताच निघत असे. त्या मुलाला आम्ही आळशी ठरविले होते, ही खंत आज इतक्या वर्षांनंतरही आमच्या मनातून गेलेली नाही.

ती शेवटची गाडी आजही महाविद्यालयीन खेळाडूच्या आड येते. विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास गावापासून महाविद्यालयापर्यंत चालतो. तो सरावासाठी दोन तास थांबत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की, खानदेशात क्रीडा शिष्यवृत्ती रोख रकमेत देण्यापेक्षा वसतिगृहातील एक खाट, दोन वेळचे पोटभर जेवण आणि एक बुटांचा जोड या रूपाने द्यावी. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना छात्रालयातील मुलांसाठी झिजले. मुलगा घडतो तो वर्गाबाहेरच्या वेळात, ही जाण या मातीला नवी नाही. प्रत्येक महाविद्यालयाने वसतिगृहातील दहा जागा जरी खेळाडूंसाठी राखल्या, तरी त्याचे फळ पाच वर्षांत दिसेल. १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीस पाठविण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक महाराष्ट्राच्या घरी आले. आजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवावे, असे कोणी म्हणणार नाही. खोलीचे कुलूप उघडावे, एवढेच मागणे आहे.

तिसरा प्रश्न खेळाडूंच्या प्रवेशाचा. मौलाना आझाद करंडकावर वर्षानुवर्षे पंजाबातील विद्यापीठांची नावे कोरली जात आली आहेत. उत्तरेकडील धनाढ्य खासगी विद्यापीठेही आता फी, निवास व खुराक देऊन देशभरातून पदकविजेते गोळा करीत आहेत. या लिलावात आमच्या विद्यापीठाने उतरू नये. उतरले तर ते हरेल. सातपुड्यातील एखाद्या धावपटूस नाशिक, पुणे अथवा सैन्यदलाची क्रीडासंस्था बोलावीत असेल, तर त्यास आनंदाने निरोप द्यावा. खंत करावयाची ती मागे राहणाऱ्या शंभरांची. आश्रमशाळांच्या मैदानी स्पर्धांना आमच्या महाविद्यालयांचे किती शारीरिक शिक्षण संचालक उपस्थित असतात? तेथे जाऊन मुलांना नावानिशी हेरावे, त्यांच्या आई-बापांशी बोलावे, बारावीनंतरचा मार्ग दाखवावा. खरी खेळाडूभरती ती हीच. याउलट एखाद्या चषकासाठी बाहेरच्या खेळाडूस नावापुरता प्रवेश द्यावयाचा, वर्षभर त्याने वर्गाचे तोंड पाहावयाचे नाही, आणि सामन्याच्या दिवशी मात्र उगवावयाचे, हा प्रकार जेथे कोठे चालतो तेथे चषक कपाटात येतो आणि त्या महाविद्यालयाचा स्वतःचा विद्यार्थी राखीव खेळाडूंच्या बाकावर बसतो. हा व्यवहार कोणत्याही शिक्षणसंस्थेस लज्जास्पद होय.

या सर्व दोषांचे मूळ एकच आहे, असे आम्हांस वाटते. खेळ नाहीसा झाला की प्रमाणपत्र तेवढे उरते. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव ठेवण्याचे महाराष्ट्राचे धोरण हेतूने उदात्त आहे. परंतु बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची जी प्रकरणे गेल्या काही वर्षांत राज्यात उघडकीस आली, ती पाहता कागदाचे मोल खेळाहून किती वाढले आहे, हे स्पष्ट होते. वर्षातून एकच सामना होत असेल, तर कोण खेळला आणि कोण न खेळता यादीत घुसला, हे कोण सांगणार? सात गावांत, सात शनिवारी, शेकडो डोळ्यांदेखत जो खेळला, त्याचे प्रमाणपत्र खोटे ठरविणे कठीण आणि न खेळणाऱ्यास खोटे मिळविणे त्याहून कठीण. भरगच्च हंगाम हीच प्रमाणपत्राची उत्तम पडताळणी होय.

शिक्षक नाहीत, हा आक्षेप आम्ही नाकारीत नाही. २०१७ पासून पदभरतीवर आलेल्या निर्बंधांची झळ शारीरिक शिक्षणासही पोहोचली आहे, आणि ती पदे भरणे हे शासनाचे कर्तव्य आहे. परंतु शनिवारचा सामना भरविण्यास नव्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. शहरात निवृत्त क्रीडाशिक्षक आहेत, जुने खेळाडू आहेत. त्यांना शिट्टी हाती देऊन सन्मानाने बोलवावे, ते येतील. राहता राहिला अभ्यास बुडण्याचा आक्षेप. तो करणाऱ्या पालकांस आम्ही एवढेच विचारतो, की सात शनिवारांनी जो बुडतो तो अभ्यास इतर वारी कितीसा चालू होता?

विद्यापीठाने जूनमध्ये एक छापील क्रीडापत्रिका काढावी, परीक्षा विभाग व क्रीडा विभाग यांनी ती एका मेजावर बसून ठरवावी, आणि एकदा ठरल्यावर तीत बदल करू नये. डिसेंबर ते फेब्रुवारीत साखळी सामने सुरू करावेत. सर्व खेळांचे नव्हे, आरंभी कबड्डी व खो-खो या दोहोंचेच. आणि आमच्या वाचकांपैकी ज्यांची मुले-मुली महाविद्यालयांत आहेत, त्यांनी एखाद्या शनिवारी मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहावे. प्रेक्षक असला म्हणजे खेळाडू हरूनही पुन्हा खेळावयास येतो. खानदेशच्या खेळाडूस आज हवा आहे तो हा दुसरा सामना.